ऑक्टोबरचं पान

चंदनबाला मगदूम सांगलीतल्या ज्या घरात वाढली, त्या घरात पाणी गाळल्याशिवाय पीत नसत, दिवस मावळल्यावर जेवत नसत आणि अंगणातसुद्धा खाली बघून चालत. न जाणो, एखादी मुंगी पायाखाली यायची. असल्या घरातली पदवीधर मुलगी आटपाडीला जाऊन मिशनच्या जीपमधून महारोग्यांच्या मागं हिंडणार म्हटल्यावर तिच्या वडिलांनी, बेदाण्याचे अडत्ये जिनदत्त मगदूम यांनी, दोन दिवस अन्न सोडलं. तिसऱ्या दिवशी जेवले. बापाचा हट्ट आणि भूक यांत भूक नेहमीच वडील असते. "धर्म तेवढा सांभाळ," एवढंच म्हणाले.

धर्माची भीती फुकटच होती. तीन वर्षांत मिशनमध्ये तिच्याकडं कुणी धर्म मागितला नाही. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक पत्र्याची पडवी आणि एक जीप. औषधं देणारे, जीप चालवणारे आणि रविवारी प्रार्थना म्हणणारे एकच, शमुवेलकाका. ते तिच्यासाठी बिनकांद्याची आमटी वेगळी ठेवायचे आणि म्हणायचे, "आमच्या मिशनमध्ये एकच संत हाय, आन तीबी जैनांची!" चंदनबाला हसायची. पण खरं सांगायचं तर ते वाक्य तिला आवडायचं. पगार नाही, एसटीचं भाडं तेवढं मिळायचं, आणि वर कुणी संत म्हटलं तर कुणाला आवडत नाही?

काम मात्र तिनं डोकं लावून केलं, हे तिच्या वैऱ्यानंही कबूल करावं. त्या बाजूला रोगापेक्षा रोगाचं नाव माणसाला आधी मारायचं. मिशनची जीप ज्या दारात थांबेल त्या घरची पोरगी उजवायची राहिली म्हणून समजावं. म्हणून बायका डाग लपवायच्या, बोटं वाकडी व्हायला लागली की पदराखाली धरायच्या, आणि जीपचा धुरळा दिसला की रानात पळायच्या. पहिले सहा महिने चंदनबालानं दारोदार हिंडून शिव्या खाल्ल्या. मग तिला शनिवारच्या बाजारात गोदावरी कासारीण दिसली.

बाईमाणसानं आपला हात चारचौघांत दुसऱ्याच्या हातात द्यावा आणि कुणाला काही वाटू नये, अशी जागा अख्ख्या बाजारात एकच. कासारणीचं दुकान. घट्ट बांगडी चढताना बाई डोळे मिटून घेते, तेही कुणाला वावगं वाटत नाही. चंदनबाला गोदावरीबाईंच्या शेजारी पोत्यावर बसायला लागली. आलेल्या बाईचा हात कासारीण आधी दाबून मऊ करायची आणि मग चंदनबालाच्या मांडीवर द्यायची. ही कापसाची वात कोपरापासून बोटांपर्यंत फिरवून हळूच विचारायची, "लागतंय का? आता? आता लागतंय का?" बाई डोळे मिटून सांगायची. जिथं सांगता येत नसे तिथं रोग. पुढच्या शनिवारपासून त्या बाईच्या बांगड्यांच्या पुडीत महिन्याच्या गोळ्यांचं पाकीट. वाडीला वाटायचं, अमकीला भलताच बांगड्यांचा नाद लागलाय. अशा अकरा बायका झाल्या, आणि अकरांतल्या एकीचंही नाव फुटलं नाही.

त्यांतली पहिली रंगुबाई. बाभूळवाडीची, चाळिशीची, उंच आणि तोंडानं फटकळ. नवरा कोंडीबा वर्षातले सहा महिने मेंढरं घेऊन बाहेर. एकुलती एक मुलगी विजयमाला. रंगुबाईच्या दोन्ही हातांवर डाग होते आणि उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळली होती. तिनं दोन वर्षं एकही गोळी चुकवली नाही. त्या गोळ्यांनी कातडी काळवंडते. शेजारणींनी विचारलं की म्हणायची, "उन्हात मी राबती, तुमी न्हाई, म्हनून तुमी गोऱ्या." बोटांचं ऑपरेशन करून घ्यायला मिशनच्या मोठ्या दवाखान्यात महिनाभर राहावं लागलं, तेव्हा वाडीत सांगितलं, साताऱ्याला बहिणीकडं बाळंतपणाला चालले. परत आली ती सरळ बोटं घेऊन. पहिल्याच शनिवारी दुकानात येऊन तिनं ती पाची बोटं गोदावरीबाईंच्या तोंडासमोर पसरली आणि म्हणाली, "मोजून घ्या."

"ह्या हातानं आता विजीच्या हळदीचं जातं वडणार मी," असं तिनं चंदनबालाला सांगितलं होतं. "लगीन हुईस्तवर कुनाला कळाय नगं. मग मी मेले तरी चालतंय."

त्याच हिवाळ्यात हेलनबाई आल्या. त्या परदेशी डॉक्टर. दर थंडीत दोन महिने यायच्या, चांगलं काम करायच्या, उन्हं तापली की जायच्या. रंगुबाईचा हात बघून त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी कॅमेराच काढला. ऑपरेशनच्या आधीचा फोटो दवाखान्यातल्या कागदांत होताच, आता नंतरचा हवा. आणि एक संमतीचा कागद, दोन पानी, इंग्रजी.

रंगुबाईनं विचारलं, "ह्यो फोटू कुटं जानार?"

चंदनबालानं त्या दोन पानांचं मराठी एका वाक्यात केलं. "लांब, मावशी, समुद्राच्या पलीकडं. तिकडची माणसं बघतात आणि औषधाला मदत पाठवतात."

"हिकडं न्हाई न्हवं येनार?"

"नाही. माझा शब्द."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. त्या कागदावर मिशनला फोटो कुठंही वापरता येईल असं लिहिलेलं तिनं वाचलं होतं. पण हेलनबाई घड्याळ बघत होत्या, जीप उभी होती, आणि रंगुबाई काय, इंग्रजी थोडीच वाचणार होती! रंगुबाईनं अंगठा उठवला. दोन्ही हात पुढं करून ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, ओठ घट्ट मिटून. मग कॅमेऱ्याच्या मागून चंदनबाला म्हणाली, "मावशी, हसा की जरा. बोटं सरळ झाली तुमची!" आणि रंगुबाई हसली.

पुढं दीड वर्ष गेलं. पंच्याण्णवच्या मे महिन्यात विजयमालाची सुपारी फुटली. ती अठराची पुरी झाली होती. स्थळ पलीकडच्या वस्तीवरचं, मुलगा तासगावला ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, माणसं खाऊनपिऊन सुखी. लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलं. रंगुबाईनं गोदावरीबाईंकडं हिरवा चुडा आधीच सांगून ठेवला.

आणि जूनमध्ये बोटीनं तीन गठ्ठे आले.

परदेशातल्या मंडळींनी छापलेली कॅलेंडरं. जानेवारीत यायची ती निम्मं वर्ष उलटल्यावर उगवली. वरच्या पानावर बर्फाचा डोंगर आणि बायबलातलं वचन. खालच्या पानांत काय होतं ते बघायला गठ्ठ्याची सुतळी सोडावी लागली असती. कागद असा गुळगुळीत आणि जाड, की हात फिरवत राहावं.

"रद्दीत घालू," शमुवेलकाका म्हणाले.

"वा! एवढा चांगला कागद? काका, शाळा सुरू झाल्यात. पोरांच्या पुस्तकांना कव्हरं होतील."

"आदी उगडून तरी बगा, बाई."

"कॅलेंडरंच आहेत की. बघायचंय काय त्यात?"

आता तुम्ही म्हणाल, एवढी हुशार मुलगी, तिला तो फोटो आठवला नाही? नाही आठवला. तिनं फोटो समुद्रापलीकडं पाठवला होता आणि आपल्या मनातूनही पाठवून दिला होता. शिवाय चांगुलपणाची एक नशा असते. ती चढली की मुंगीला जपणारं माणूससुद्धा खाली बघायचं विसरतं. चंदनबालाच्या डोळ्यांपुढं पोरांची नवीकोरी पुस्तकं होती आणि त्यांच्यामागं ती स्वतः होती.

गठ्ठे कुठं नेले? बाभूळवाडीच्या शाळेत. कारण ती शाळा सगळ्यांत गरीब, आणि आजूबाजूच्या सगळ्या वस्त्यांची पोरं तिथंच यायची. लालासाहेब गुरुजींनी गठ्ठे उतरवून घेतले, हात जोडले, चहा पाजला. चंदनबाला परत येताना जीपमध्ये गाणं गुणगुणत होती, असं शमुवेलकाकांनी पुढं कितीतरी वेळा सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं.

तिसऱ्या शनिवारी चंदनबाला पोत्यावर बसली तेव्हा गोदावरीबाई तिच्याकडं बघेनात. दहा वाजले, अकरा वाजले. अकरा बायकांतली एकही आली नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकणी दुकानापुढून जात होत्या, आणि थांबत नव्हत्या. शेवटी गोदावरीबाईंनी बांगड्यांच्या पेटीखालून एक घडी घातलेला कागद काढून तिच्या मांडीवर टाकला.

"तू यायच्या आदी एक बाई फेकून गेली तोंडावर. म्हनली, तुज्या हातनं बांगड्या भरायच्या न्हाईत. तू तसल्यांचं हात दाबतीस, आन त्याच हातानं आमचं दाबतीस."

ते पुस्तकावरून ओरबाडून काढलेलं कव्हर होतं. वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर शाईनं लिहिलं होतं, गणित, इयत्ता तिसरी. चिठ्ठीच्या खाली ऑक्टोबर महिना. आणि महिन्याच्या वर दोन चित्रं, डावीकडं वाकडी बोटं, उजवीकडं सरळ बोटं, आणि त्या सरळ बोटांच्या मागं रंगुबाई हसत होती. शेजारी इंग्रजीत दोन ओळी. त्या वाचायची बाभूळवाडीत कुणाला गरजच पडली नाही.

"तीस वर्सं बसती मी हितं," गोदावरीबाई म्हणाल्या. "तुला बसू दिलं, ही माजी चूक. हात दाखवून अवलक्षण म्हनत्यात ते हेच." आणि भर बाजारात, दुपारच्या आत, त्यांनी दुकान आवरायला घेतलं.

चंदनबाला तशीच पळत केंद्रावर गेली. शमुवेलकाकांनी कागद बघितला आणि जीप काढली. वाटेत शाळा लागली. शनिवारची सकाळची शाळा सुटून गेली होती आणि लालासाहेब गुरुजी व्हरांड्यात एकटेच उभे होते.

"ताई, मीच पोरांना बोललो, चित्र बाहेरून घाला, मळत न्हाई," गुरुजी कपाळ चोळत म्हणाले. "शपथेवर सांगतो, मी ओळखलं न्हवतं. पोरांनी ओळखलं. म्हनली, गुर्जी, ही तर विजीआक्काची आय! हारकून गेली हो पोरं, आपल्या गावची बाई पुस्तकावर आली म्हनून. ज्याला ते पान मिळालं न्हाई ते रडाय लागलं. प्रत्येक कॅलेंडरात एक. निम्म्या शाळेच्या दप्तरात ती घरोघर गेली."

"आणि विजयमालाचं?"

"नवऱ्या मुलाची पुतनी तिसरीत हाय आमच्यात. घरी गेली आन आजीला दावलं, म्हनली बग, काकाची सासू. सोमवारी साडी आन नारळ परत आला."

गुरुजींनी गोळा केलेली पानं कपाटात कुलूप लावून ठेवली होती. ती त्यांनी तिला देऊ केली. चंदनबालानं घेतली नाहीत. पानं परत घेऊन आता काय परत येणार होतं?

तीन वर्षं जी जीप त्या दारात थांबली नव्हती, ती त्या दिवशी थांबली. शमुवेलकाकांनी लांब लिंबाखाली उभी करायला बघितली, पण रंगुबाईच दारात उभी राहून ओरडली, "आना की म्होरं! आता कुनापासनं लपवायची?"

कोंडीबा अंगणात बाजेवर बसला होता. जीप बघून त्यानं पाठ फिरवली. चंदनबाला उंबऱ्याच्या आत जाऊन उभी राहिली. कुणी बस म्हटलं नाही.

"मावशी, मी उघडून बघितलं नव्हतं," ती म्हणाली. वाटेत तिनं बरंच काही जुळवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं. "नुसतं उघडून बघितलं असतं तर..."

"गुर्जी म्हनलं, ताईंनी सोता आनून दिलं. मी म्हनलं, खोटं. आमची ताई तशी न्हाई." रंगुबाईचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "हाय का तुमच्यापाशी? त्ये चित्राचं पान?"

"कशाला, मावशी?"

"मी कुटं बगितलंय? साऱ्या वाडीनं बगितलं, माज्या व्याह्यांनी बगितलं. मला कुनी दावलंच न्हाई."

चंदनबालानं पिशवीतनं ती घडी काढून दिली. रंगुबाई कागद घेऊन दारातल्या उजेडात गेली. तो कागद तिनं त्याच बोटांनी धरला होता. बराच वेळ बघत राहिली.

"हसतीय की मी," ती म्हणाली. "तुमीच हसा म्हनला हुता. मी न्हवते हसत."

चंदनबालाला रडू फुटलं. रडायचा हक्क आपला नाही हे कळत असूनही फुटलं, आणि म्हणून तिला स्वतःची आणखीच शिसारी आली. ती म्हणाली, मी त्या लोकांकडं जाते, समजावते, रोग बरा झालेला असतो, दुसऱ्याला लागत नाही, डॉक्टरांचं पत्र आणते. रंगुबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि कागदाची पहिल्यासारखी घडी घातली.

"दोन वर्सं माज्या हाताला कापूस लावून इचारत हुता न्हवं, लागतंय का, लागतंय का?" ती म्हणाली. "आता लागलं, ताई."

आतून विजयमाला पाण्याचा तांब्या घेऊन आली. वैरी दारात आला तरी पाणी विचारायचं, ही त्या मुलखाची रीत. तिनं तांब्या पुढं केला. हात लांब केल्यावर पोलक्याची बाही वर सरकली, आणि कोपराच्या वर, दंडाच्या मागच्या अंगाला, चंदनबालाला रुपयाएवढा एक फिकट डाग दिसला. तीन वर्षांत तिच्या नजरेला दुसरं काही दिसायचंच बंद झालं होतं. आणि असला डाग तिनं शंभर हातांवर बघितला होता.

"विजू," तिचं रडणं तिथंच थांबलं, "हा डाग कधीपासनं आहे? इकडं ये. उजेडात ये जरा."

विजयमालानं बाही खाली ओढली.

"फक्त कापूस लावते. डोळे मीट, आणि सांग मला. आत्ता गोळ्या सुरू केल्या तर काही होत नाही गं, बोटांपर्यंत जातच नाही. सहा महिने. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"आन फोटू कवा काडनार?" विजयमालानं विचारलं.

चंदनबालानं रंगुबाईकडं बघितलं. तो डाग काय आहे ते अख्ख्या वाडीत एका बाईला पक्कं ठाऊक होतं. तिनं दोन वर्षं गोळ्या खाल्ल्या होत्या आणि स्वतःची बोटं सरळ झालेली बघितली होती. रंगुबाईनं लेकीच्या दंडाकडं बघितलं, मग चंदनबालाकडं, मग पदर डोक्यावर ओढून घेतला.

"नायटा हाय त्यो," ती म्हणाली. "पानी पिऊन घ्या, ताई. लांब जायचंय तुमास्नी."

चंदनबालानं हेलनबाईंना पत्र लिहिलं, चांगलं चार पानी. उत्तर दोन महिन्यांनी आलं. फार वाईट वाटलं, प्रार्थना करते आहे, असं लिहिलं होतं. आणि शेवटी, तुला जरा बरं वाटावं म्हणून कळवते, की त्या वर्षीच्या सगळ्या पानांत लोकांना ऑक्टोबरचंच पान जास्त भावलं, मदतीच्या पत्रांत त्याचाच उल्लेख असतो. शमुवेलकाकांनी पत्र वाचायला मागितलं तेव्हा तिनं ते चुलीत घातलं.

जिनदत्त मगदूम लेकीला न्यायला दोनदा येऊन गेले. ती गेली नाही. दर शनिवारी गोळ्यांचं एक पाकीट पिशवीत घालून ती बाजारात जायची आणि गोदावरीबाईंच्या दुकानाच्या जागेवर आता प्लॅस्टिकच्या बादल्या विकणाऱ्याच्या शेजारी उभी राहायची. अकरांतली एकही पुन्हा आली नाही. समोरून जाताना बायका हात पदराखाली घ्यायच्या.

तुळशीची लग्नं झाली, पौष गेला, ऊन तापायला लागलं. चैत्रातल्या एका शनिवारी विजयमाला तिला दिसली. मिरच्यांच्या वाट्यांपाशी उभी राहून भाव करत होती. आटपाडीचा चैत्र म्हणजे अंगावर लुगड्याचा पदरसुद्धा जड व्हावा असा. सगळ्या पोरीबाळी आखूड बाह्यांच्या पोलक्यात होत्या. विजयमालाचं पोलकं मात्र नवीन शिवलेलं, चांगल्या जाड कापडाचं, आणि त्याच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. चंदनबाला दोन पावलं पुढं झाली. पोरीनं वर बघितलं, ओळखलं, मिरच्या तिथंच टाकल्या आणि बैलबाजाराच्या बाजूनं निघून गेली.